पहिल्या कुत्र्याचं नाव

एकशे त्र्याऐंशी डॉलर, चाळीस सेंट.
केबलच्या बिलावर नाव अजून तिचंच,
मार्जीन शफ्रान.
तिला जाऊन सात महिने झाले
आणि दोनशे दहा चॅनेल्स महिन्याच्या महिन्याला
तिच्या नावानं येतच राहिले.
मी बघतो तीन. तेही आवाज बंद करून.

फोनवरचा मुलगा नम्र होता.
खातं बंद करायचंय? मग खातेदाराला फोन द्या.
म्हटलं, देता येणार नाही.
थोडा थांबला. वाईट वाटलं ऐकून, म्हणाला,
आणि त्याच दमात: मग सुरक्षेचा प्रश्न विचारावा लागेल.
तुमच्या पहिल्या कुत्र्याचं नाव काय?

एकेचाळीस वर्षांचा संसार.
तिची रक्तदाबाची गोळी, तिच्या बुटाचं माप,
द्राक्षरसाच्या कारखान्यात कुठल्या पट्ट्यावर
कुणाशी तिचं वाजलं होतं,
सगळं तोंडपाठ.
कुत्रं माहीत नाही.
आमच्याकडे कायम मांजरंच.
अंदाजानं म्हटलं, रेक्स.
नाही.
बडी?
सर, तीनच संधी असतात.
थांबा, म्हटलं, पुन्हा करतो फोन.

मग फ्लोरिडाला, मेव्हणीला.
आर्डिथ ऐंशीची. ऐकू कमी, आठवण लख्ख.
“पिकल्स,” म्हणाली. “तीन पायांचा.
मार्जी त्याला बाबागाडीत घालून सरोवरावर न्यायची.
तुला सांगितलं नव्हतं तिनं?”
नव्हतं.
अर्धा तास ती त्या कुत्र्याबद्दल बोलली,
मी उभ्यानं ऐकत राहिलो.
आर्डिथचं आणि माझं तसं
एकोणीस वर्षं जमत नव्हतं.

पिकल्स, मी कंपनीला सांगितलं.
खातं बंद झालं.

अँटेना एकोणचाळीस डॉलरचा. एकदाच.
छपरावर मी, खाली खिडकीत शेजारची यारित्झा,
नऊ वर्षांची,
एका हातात रिमोट, दुसऱ्यात अर्धं सफरचंद.
माझ्या लहानपणी पडद्यावर मुंग्या यायच्या,
पण मुंग्यांच्या आतून का होईना, माणूस दिसायचा.
बाप त्यातच बेसबॉल बघायचा,
चेंडू कुठला नि मुंगी कुठली, त्यालाच कळे.
आता तसं नाही. आलं तर काचेसारखं स्वच्छ,
नाहीतर बातम्या देणाऱ्या बाईच्या गालाचे
चौकोन चौकोन होतात
आणि मग काहीच नाही.
मधलं असं काही ठेवलेलंच नाही त्यांनी.

“आलं!”
बोटभर सरकवला.
“गेलं!”
पुन्हा अर्धं बोट.
“आलं, आलं, आता हलू नका!”
हा हुकूम एकाहत्तर वर्षांच्या माणसाला, उतरत्या छपरावर.
मी हललो नाही.
समोर ईरी सरोवर, राखाडी, पलीकडचा काठ न दाखवणारं.
तिकडून पाण्यावरून चित्रं येत होती,
पासपोर्ट न दाखवता,
माझ्या कानाला न लागता, कानाजवळून.
किती वर्षं येत असतील.
या छपरातून, आमच्या अंथरुणावरून, तिच्या उशीवरून
गेली असतील रात्रंदिवस,
आणि आम्ही दोघं
भिंतीच्या भोकातून आलेल्या वायरकडे तोंड करून बसलेले.

सव्वीस चॅनेल्स. त्यातलं एक कॅनडाचं.
रात्री आइस हॉकी बघितली, आवाज लावून.
मग तिकडचं हवामान: उद्या उणे चार, त्यांच्या अंशांत.
आपल्यात किती होतात, हिशेब केला नाही.
गार असणार, एवढं कळलं.

कंपनीचा डबा काउंटरवर परत दिला, पावती घेतली.
मांजर अकरा वर्षं त्या डब्याच्या उबेवर झोपायचं.
अजून तिथंच जाऊन बसतं,
धूळ न बसलेल्या चौकोनावर,
आणि माझ्याकडे बघतं.
मी त्याला पिकल्सची गोष्ट सांगतो,
तीन पाय, बाबागाडी, सरोवर.
ऐकून घेतं सगळं.
हलत नाही.